सह्या खोली क्रमांकाप्रमाणे घ्या

‘ताई, मी वारली समाजातली, पालघर जिल्ह्यातल्या विक्रमगड तालुक्यातली. पाचवीपासून आश्रमशाळेत शिकले, बी.ए. मुंबईत केलं, आता कलिन्याला विद्यापीठात एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. आदिवासी मुलींच्या शासकीय वसतिगृहात राहते. यंदा एका आदिवासी युवा नेतृत्व शिबिरासाठी माझी निवड झाली. दर शनिवारी असतं. तिथे सांगतात, हात वर करा, मोठ्याने बोला, समोरच्याच्या डोळ्यांत बघा. माझा आवाजच फुटत नाही. एक सर म्हणाले, लीडर मटेरियल आहे तुझ्यात, पण कॉन्फिडन्स नाही.

इकडे वसतिगृहात जेवणाचे पैसे दोन-दोन महिने खात्यावर येत नाहीत. मुलींनी मला अर्ज लिहायला सांगितला. मी लिहिला, पहिली सही माझी, मग सगळ्यांच्या. गृहपाल मॅडमनी मला एकटीलाच बोलावलं आणि विचारलं, तू पुढारी आहेस का? तेव्हापासून मुली गप्प आहेत. वर्गात एकीने ऐकवलं, तुमचं काय, तुम्हाला सगळं फुकट. माझे बाबा २०१८ च्या शेतकऱ्यांच्या मोर्चात शहापूरपासून आझाद मैदानापर्यंत चालले होते, पण मला म्हणतात, पुढारीपण करू नको, शिक. आणि पाड्यावर गेले की “मुंबईवाली आली”. शिबिर सोडून द्यावं असं वाटतं. माझ्यात नेतृत्व नाहीच का?’

शिबिर सोडू नकोस. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तर तुझ्याच पत्रात आहे. वसतिगृहातल्या मुलींनी अर्ज लिहायला तुला सांगितलं, दुसऱ्या कुणाला नाही. तुझ्यात काय आहे आणि काय नाही याचा निकाल त्यांनी तेव्हाच लावला. शिबिरातल्या सरांनी त्यावर शेरा मारला, एवढंच. मला काळजी तुझ्या आवाजाची नाही. तू ज्या पद्धतीने एकटी पुढे उभी राहिलीस, किंवा तुला उभं केलं गेलं, त्याची आहे. म्हणून हे उत्तर जरा लांबणार.

मी कोण, हेही सांगते. मी वारली नाही, गिरगावात वाढलेली आहे. मुंबईतल्या कॉलेजांत पुष्कळ वर्षं शिकवलं. विद्यार्थ्यांच्या तक्रारींच्या बैठकांना टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसले. त्यामुळे तुझ्या समाजाबद्दल तुला शिकवायला जाणार नाही. टेबलाबद्दल मात्र थोडंफार सांगू शकते.

आधी शिबिर. या शिबिरांची मला थोडी गंमत वाटते. एसी हॉलमध्ये बसवून, दोन वेळचा चहा-बिस्किटं देऊन, पडद्यावर गरुडाचं चित्र दाखवून सांगतात की कम्फर्ट झोनमधून बाहेर या. हे कुणाला सांगायचं? जी दहाव्या वर्षी ट्रंक घेऊन आश्रमशाळेत राहायला गेली तिला! डोळ्यांत डोळे घालून बोलणं हीही कुणा एकाची रीत. मोठ्या माणसांसमोर नजर खाली ठेवून, थांबून, विचार करून बोलणाऱ्याला कॉन्फिडन्स नाही असं म्हणायला कुठला आधार? मी ऐकलंय आणि वाचलंय त्याप्रमाणे तुमच्यात लग्न धवलेरी लावते. बाईच असते, आणि तिच्या गाण्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही. आवाज वाढव म्हणून तिला कधी कुणी शिबिराला पाठवलं होतं का?

पण म्हणून शिबिर टाकून द्यायचं नाही. चार माणसांत मुद्दा मांडता येणं, सभेचा वृत्तांत लिहिता येणं, अंदाजपत्रक वाचता येणं ही कामं शिकून येतात, आणि ती ज्यांना येतात तेच मग इतरांच्या वतीने बोलत सुटतात. आदिवासी नेते जयपालसिंग मुंडा ऑक्सफर्डला शिकले, १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिकला भारतीय हॉकी संघाचे कर्णधार होते. पुढे संविधान सभेत, १९४६ च्या डिसेंबरात, उत्तम इंग्रजीत उभं राहून त्यांनी सांगितलं, आदिवासींना लोकशाही शिकवायला जाऊ नका, ती तुम्हालाच त्यांच्याकडून शिकावी लागेल. सभेची भाषा त्यांनी सभेकडून घेतली आणि म्हणणं घरून आणलं. तूही तसंच कर. शिबिरातून हत्यारं घे, गरुड तिथेच ठेव.

आवाजाबद्दल एक साधी युक्ती. भाषण पाठ करू नकोस. फक्त पहिली दोन वाक्यं पाठ कर आणि शेवटचं एक. शेवटच्या वाक्यात मागणी हवी आणि तारीख हवी. मधलं कागदावर बघून बोललीस तरी चालतं, मोठमोठे वकीलही तेच करतात. आणि बोलायच्या आदल्या रात्री तोच मुद्दा खोलीतल्या मुलींना वारलीत सांगून बघ. वारलीत सांगताना कुठे अडलीस, तर मुद्दा तुलाच अजून कळलेला नाही असं समज. तिथे अडली नाहीस, तर मराठीत येईल.

आता अर्ज. इथे जरा थांबते, कारण तुझ्या पत्रातलं खरं शिक्षण या अर्जात आहे.

पहिली सही तुझी होती, म्हणून बोलावणं तुला आलं. ऑफिसात कागद आला की आधी खाली बघतात, कुणाचा आहे ते. पहिलं नाव दिसलं की तोच माणूस ‘म्होरक्या’. त्याला आत बोलवायचं, दम द्यायचा किंवा चहा पाजायचा, दोन्हींचा परिणाम एकच. बाहेर उभे असलेले हळूहळू पांगतात. मुली गप्प झाल्या म्हणून त्यांच्यावर रागावू नकोस. दारामागे काय झालं ते त्यांना कळलंच नाही, आणि न कळलेल्या गोष्टीची भीती सगळ्यात जास्त वाटते.

तर पुढच्या अर्जावर सह्या खोली क्रमांकाप्रमाणे घ्या. खोली १ पासून शेवटच्या खोलीपर्यंत, खोलीतल्या खोलीत आडनावाच्या अक्षरक्रमाने. तुझी सही जिथे येईल तिथे येऊ दे. अर्जाला एकच विषय, एकच पान. ‘आमच्यावर अन्याय होत आहे’ वगैरे लिहू नका, ते वाचायची त्यांना सवय झालेली असते. लिहायचं ते असं: कोणत्या महिन्याचा भत्ता, कोणत्या तारखेला यायला हवा होता, आज किती तारीख, किती मुलींचा बाकी. ज्या शासन निर्णयाने हा भत्ता मिळतो त्याचा क्रमांक आणि दिनांक संदर्भात टाका. शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर सापडतात, मराठीतच असतात आणि दिसतात तितके अवघड नसतात. शेवटी एकच विचारा: रक्कम कोणत्या तारखेपर्यंत जमा होईल ते लेखी कळवावे.

अर्ज आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावे, आणि खाली लिहा, ‘मार्फत: गृहपाल’. या एका शब्दाने पुष्कळ काम होतं. बिल गृहपालांच्या हातात नसतं. ते प्रकल्प कार्यालयातून जातं, तरतूद आली की मंजूर होतं, कोषागारातून सुटतं. मॅडमना भीती ही की मुलींनी परस्पर वर कळवलं तर आपल्याला विचारतील, तुमचं वसतिगृहावर लक्ष नाही का? म्हणून कागद टाइप करायच्या आधी त्यांच्याकडे जा आणि सांगा, मॅडम, तुमच्या हातात नाही हे आम्हाला माहीत आहे, तुमच्यामार्फतच पाठवतो, तुमचाही शेरा लिहा. निम्म्या वेळा त्यांनाही असा कागद हवाच असतो.

दोन प्रती न्यायच्या. एक द्यायची, दुसरीवर पोच घ्यायची: शिक्का, तारीख, आवक क्रमांक, घेणाऱ्याची सही. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असं समज. आठ-पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं, तर पोच दाखवून स्मरणपत्र, आणि त्याची प्रत ठाण्याच्या अपर आयुक्तांना. तरी हललं नाही तर माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, तीस दिवसांची मुदत. ‘का उशीर झाला’ असं विचारू नका, कारणं विचारली की माहिती उपलब्ध नाही असं उत्तर येतं. अमुक महिन्याच्या भत्त्याचं देयक कोणत्या तारखेला तयार झालं, कोणत्या तारखेला कोषागारात सादर झालं, त्याच्या प्रती द्या, असं विचारा. पुष्कळदा हा अर्ज पोचला की पैसेच आधी येतात.

आणि बोलावणं आलं तर एकटीने जायचं नाही. कधीच नाही. तिघी जा. एक बोलेल, एक लिहून घेईल, तिसरी पहिल्या वर्षाची असू दे, ती नुसतं बघेल. ‘मी तुला एकटीला बोलावलंय’ म्हणाल्या तर नम्रपणे सांगायचं, ‘हो मॅडम, पण अर्ज सगळ्यांचा आहे, म्हणून आम्ही तिघी आलोय.’ आणि ‘तू पुढारी आहेस का’ या प्रश्नाला माझ्याकडे एक आवडतं उत्तर आहे: ‘नाही मॅडम, या महिन्यात अर्ज लिहायची पाळी माझी होती.’ मात्र हे खरं असायला हवं. पुढच्या महिन्यात पाळी दुसरीची असायला हवी. बाहेर आल्यावर त्याच रात्री, जेवणं झाल्यावर, आत काय बोलणं झालं ते सगळ्यांना वाचून दाखवायचं, मॅडम काय म्हणाल्या तेही, त्यांच्या बाजूने असेल तेही.

ही लढाई तुम्हा मुलींची पहिली नाही, हेही माहीत असू दे. जेवणाचे पैसे थेट खात्यात द्यायचं ठरलं तेव्हा, २०१८ च्या जुलैत, आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयाकडे पायी निघाले होते. खानावळच हवी, पैसे नकोत, ही त्यांची मागणी. वाटेत पोलिसांनी अडवलं. त्यांच्यातले किती तरी जण आज कुठे ना कुठे शिक्षक, वकील, ग्रामसेवक असतील. तुमच्याच वसतिगृहातून आधी शिकून गेलेल्यांत कुणी असेल तर शोधून काढ, एका रविवारी बोलवा. त्या भेटीत जे मिळेल ते कुठलं शिबिर देणार नाही.

बाबांकडे वळते. त्यांच्या बोलण्यात विसंगती आहे असं तुला वाटतं. मला तशी ती दिसत नाही. नाशिकहून निघालेला तो मोर्चा १८० किलोमीटर चालला होता. मागण्या वनजमिनीच्या, कर्जाच्या. तुझ्या बाबांनी जोखीम काय आणि किती असते ते पायांनी मोजलंय, म्हणून तू ती घेऊ नयेस असं त्यांना वाटतं. त्यांच्याशी वाद घालू नकोस, त्यांना प्रश्न विचार. ११ मार्चच्या रात्री हजारो माणसं सोमय्या मैदानावर पोचली होती, पायांना फोड आलेले, चपला तुटलेल्या. दुसऱ्या दिवशी दहावीच्या मुलांचा पेपर होता. सकाळी मोर्चा रस्त्यावर आला तर मुंबईची मुलं अडकतील, म्हणून रात्रीच उठून आझाद मैदानापर्यंत चालायचं ठरलं आणि पहाटेपर्यंत माणसं तिथे पोचली. आम्ही मुंबईकर सकाळी उठलो तेव्हा बातमी वाचली. बाबांना विचार, हे कुणी ठरवलं? गावागावातल्या माणसांना कसं विचारलं? ज्यांना चालवत नव्हतं ते काय म्हणाले? पाणी कोण बघत होतं, म्हाताऱ्यांच्या सोबतीला कोण होतं? लिहून घे. सरांच्या पीपीटीत हे नाही.

बाबांना आणखी एक विचारून घे: मग पुढे काय झालं? लेखी आश्वासन मिळालं, टाळ्या झाल्या, माणसं रेल्वेने परत गेली. पुढच्याच वर्षी, २०१९ च्या फेब्रुवारीत, त्याच मागण्यांसाठी पुन्हा मोर्चा निघाला. २०२३ च्या मार्चमध्ये आणखी एक, तो वासिंदला थांबला. म्हणजे आश्वासनाचा कागद हातात आला की काम संपत नाही, पाठपुरावा नावाचं कंटाळवाणं काम तिथून सुरू होतं. त्याचे फोटो निघत नाहीत, त्यासाठी कुणी हार घालत नाही. तुझ्यासारखी, न ओरडणारी, कागद जपून ठेवणारी मुलगी नेमकी इथे लागते.

बाबांची एक अट मात्र मान्य कर. हजेरी आणि निकाल यांत खोट नको. शिष्यवृत्ती, वसतिगृहाचा प्रवेश, जात वैधता प्रमाणपत्र, यांपैकी कशाचीही तारीख अर्जांच्या धावपळीत चुकवायची नाही. जी पुढे असते तिच्याच कागदात चूक शोधली जाते.

वर्गातल्या त्या ‘फुकट’वाल्या मुलीबद्दल. एकदा ऐकवलं असेल तर एकदा शांतपणे उत्तर दे किंवा सोडून दे, तुझ्या मनाची त्या दिवशी काय अवस्था आहे त्यावर. सगळ्या अडाण्यांना शहाणं करायची जबाबदारी तुझी नाही. पण तेच पुन:पुन्हा व्हायला लागलं, गटात घेणं बंद झालं, आडनावावरून, रंगावरून बोलणं सुरू झालं, तर त्या दिवशीची तारीख, वेळ, शब्द आणि कोण समोर होतं हे वहीत लिही आणि लेखी तक्रार दे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली यासाठी नियम केले, त्याप्रमाणे समान संधी कक्ष आणि भेदभावाच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी असायला हवा. तुमच्या विभागाच्या फलकावर त्याचं नाव आहे का ते उद्या जाऊन बघ. नसेल, तर पुढचा अर्ज कशाचा ते ठरलंच. प्रकरण आणखी वाढलं तर १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहे, पण तिथे वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नकोस.

हे मी एवढ्या गंभीरपणे का सांगते ते तुला माहीत असेल. जळगावकडच्या तडवी भिल्ल समाजातल्या डॉ. पायल तडवी याच मुंबईत, नायर रुग्णालयात शिकत होत्या. २०१९ च्या मे महिन्यात त्यांनी जीव दिला. जातीवरून छळ झाल्याच्या आरोपावरचा खटला न्यायालयात गेला. त्याच वर्षी त्यांच्या आई आबेदा तडवी, हैदराबादच्या विद्यापीठात २०१६ मध्ये जीव दिलेल्या रोहित वेमुला यांच्या आई राधिका यांच्यासोबत, उच्च शिक्षणातल्या भेदभावाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. छातीवर ओझं वाटायला लागलं तर अर्ज, शिबिर, नेतृत्व सगळं बाजूला ठेव आणि आधी माणसाशी बोल. मैत्रिणीशी, घरच्यांशी, डॉक्टरांशी. त्यात कमीपणा नाही.

पाड्यावरचं ‘मुंबईवाली’ मला फारसं मनावर घेण्यासारखं वाटत नाही. चेष्टेतही थोडं कौतुक असतं. पण तू तिथे गेल्यावर काय करतेस, यावर ते अवलंबून राहील. सुटीत गेलीस आणि ‘तुम्ही जागे व्हा’ असं सांगायला लागलीस, तर ते नाव कायमचं चिकटेल, आणि तुझी चूक असेल. विक्रमगड तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, म्हणजे १९९६ चा पेसा कायदा लागू. तुमच्या ग्रामसभेला अधिकार आहेत, आणि २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी, म्हणजे कशावर खर्चायचा ते गावानेच ठरवायचं असा पैसा, थेट ग्रामपंचायतींकडे येतो. तो कशावर खर्च झाला हे पाड्यावर किती जणांना माहीत आहे? ग्रामसभेला जा, मागे बस, कुणी विचारलं तर हिशेबाची पानं वाचून दाखव. मत देऊ नकोस, नुसतं वाचून दाखव. एखादी म्हातारी म्हणेल, बाय, तो विहिरीचा आकडा परत वाच. तिथून पुढचं तिच्यावर सोड.

गडचिरोलीतलं मेंढा-लेखा तुला शिबिरातही ऐकवतील, कारण सगळेच ऐकवतात. २००९ साली वनहक्क कायद्याने जवळजवळ १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारं गोंडांचं गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा फळ्यावर लिहून टाळ्या घेतल्या जातात. त्यामागची पद्धत सहसा सांगत नाहीत. तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचंही मन वळलं नसेल तर निर्णय थांबतो, पुन्हा बसतात. आणि निर्णय घेणाऱ्या ग्रामसभेच्या जोडीला अभ्यास गट असतो. तिथे नुसतं समजून घ्यायचं, बाहेरचा जाणकार बोलवायचा, वाद घालायचा, ठरवायचं काही नाही. तिथले नेते देवाजी तोफा यांचं नाव आपण ऐकतो, पण या बसण्याशिवाय ते नाव झालं नसतं. तुमच्या वसतिगृहात हे जमण्यासारखं आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ, एक शासन निर्णय, सगळ्यांनी मिळून वाचायचा. पहिल्या दिवशी चार मुली येतील. येऊ दे चारच.

विद्यापीठातल्या निवडणुकीचंही विचारशील, म्हणून थोडक्यात. विद्यार्थी परिषदेच्या खुल्या निवडणुका आपल्याकडे कित्येक वर्षं झालेल्या नाहीत, त्यामुळे त्या वाटेकडे डोळे लावून बसू नकोस. पण बी.ए. मुंबई विद्यापीठाचं असेल तर तू नोंदणीकृत पदवीधर म्हणून अधिसभेची, म्हणजे सिनेटची, मतदार होऊ शकतेस. अधिसभेत पदवीधरांच्या दहा जागा आहेत, त्यातली एक अनुसूचित जमातींसाठी राखीव. पालघर, ठाणे, रायगडमधून शिकून गेलेल्या किती आदिवासी पदवीधरांनी ही नोंदणी केली असेल? नोंदणी सुरू झाली की अर्ज भर, आणि पाड्यावरच्या, तालुक्यावरच्या प्रत्येक पदवीधराला भरायला लाव. बिनडोक वाटणारं काम आहे, पण फी, वसतिगृह, अभ्यासक्रम यांवरचे प्रश्न तिथेच विचारले जातात.

शेवटी एक गोष्ट, जिच्याकडे तुझं अजून लक्ष गेलेलं दिसत नाही. दीड-दोन वर्षांनी तू एम.ए. होऊन जाशील. तुझ्यासोबत अर्जांच्या प्रती, पोची, कुठल्या टेबलावर कोण बसतं ही माहिती, सगळं जाईल. नवीन मुली जूनमध्ये येतील आणि पहिल्यापासून सुरू करतील. वसतिगृहातली प्रत्येक चळवळ अशीच मरते, दडपशाहीने कमी आणि निकालाने जास्त. प्रशासनालाही ते ठाऊक असतं, म्हणून ते नुसतं थांबतं. तेव्हा फाइल तुझ्या ट्रंकेत नको, वसतिगृहाच्या वाचनालयातल्या कपाटात हवी, आणि तिची किल्ली दुसऱ्या वर्षाच्या मुलीकडे.

न्यूझीलंडमध्ये माओरी या तिथल्या मूळ रहिवासी समाजाच्या विद्यार्थ्यांच्या शिक्षणात मोठं भावंड आणि धाकटं भावंड अशी जोडी लावायची रीत आहे. मोठ्याने शिकवायचं, आणि जिथे धाकट्याला जास्त येतं तिथे मुकाट्याने त्याच्याकडून शिकायचं. त्या समाजातल्या विद्यापीठाच्या तरुण मुलामुलींनी १९७२ मध्ये आपली भाषा शाळेत शिकवावी म्हणून तीस हजारांवर सह्यांचा अर्ज संसदेला दिला होता. सह्या दारोदार फिरून गोळा केल्या. १९८७ मध्ये माओरी तिथली अधिकृत भाषा झाली. मधल्या पंधरा वर्षांत पहिल्या सह्या घेणारी पोरं कधीच विद्यापीठातून बाहेर पडली होती. तुझी जोडीची धाकटी कोण, हे या महिन्यातच ठरव. हुशार दिसणारी नको, प्रश्न विचारणारी बघ.

राहिला शिबिराच्या शनिवारांचा प्रश्न. समारोपाला पारंपरिक वेशात नाचायला सांगतील, बहुतेक शिबिरांत सांगतात. मनापासून नाचायचं असेल तर नाच, पण त्याआधी दहा मिनिटं बोलायला मागून घे, आणि जेवणाच्या भत्त्यावर बोल. शिवाय आयोजकांना विचार की एका वसतिगृहातून एकच मुलगी का निवडता, तीन का नाही? तयार झाले तर उत्तम. नाही झाले, तर तू टिपणं काढ आणि रविवारी रात्री सगळ्यांना समजावून सांग. एखादी म्हणेल, यातलं मला काही पटलं नाही. पुढच्या शनिवारी तुझ्या जागी तिला पाठवता येईल का, ते विचारून बघ.